मरळीसाठी लाकडी मासोळी: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

दर दिवाळीच्या सुट्टीत गावातली दोन-चार पोरं आपापली लाकडी मासोळी, म्हणजे मरळीसारख्या शिकारी माशाला गळावर भुलवायचं खोटं आमिष, घेऊन माझ्या ओसरीवर येतात. रंग झकास, खवले काढलेले, डोळ्याला टिकली. आणि तक्रार ठरलेली: "काका, पाण्यात टाकली का आडवीच होते, काऊन जी?" दुसऱ्याची मासोळी दोन फेऱ्यांत फुगलेली असते आणि रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात. तिसऱ्याच्या मासोळीचा गळच मरळीनं उपटून नेलेला असतो, हातात उरलेलं असतं नुसतं लाकूड.

हे तीन बिघाड वेगवेगळे दिसतात, पण मूळ एकच. सजावट आधी झाली; तोल, गळाची मजबुती आणि पाणीबंदी (लाकडात पाणी शिरू न देणं) नंतर आठवली. रंगवलेल्या मासोळीचा तोल दुरुस्त करता येत नाही, ती फोडावीच लागते. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

आपण करणार आहोत ती मासोळी ९ सेंटीमीटरची, पाण्यावर तरंगणारी, खोलगट तोंडाची. झटका दिला की 'पचक' असा आवाज करते. बाजारात हिला पॉपर म्हणतात. पहिल्यांदा हीच करा. तोंडाखाली जीभ म्हणजे पातळ पट्टी लावलेली, बुडी मारणारी मासोळी दिसायला सोपी वाटते, पण तिची जीभ केसभर तिरपी बसली तरी ती गोल फिरते. पॉपर बरंच सांभाळून घेते. शिवाय मरळ हवा घ्यायला वर येणारा मासा. कमळाच्या पानांच्या कडेला, बेशरमाच्या झुडपांखाली ती पृष्ठभागावरच शिकार करते. रोहू-कतल्यासाठी मात्र हा खटाटोप करू नका, ते पिठाच्या गोळ्याचे गिऱ्हाईक.

हातानं करायचं काम पाच-सहा तासांचं आहे. पण वाळवण्याचे दिवस धरले तर आठवडा जातो. रविवारी सकाळी सुरू करून संध्याकाळी बोडीवर (छोट्या तळ्यावर) जायचं असेल, तर विकत घेतलेली बरी.

## तयारी: लाकूड

तलावाकाठच्या लोकांना लाकूड सांगायला नको, तरी इथेच निम्मी मंडळी फसतात. आपल्याकडे सहज मिळणारी लाकडं चार: सावर, पांगारा, शिवण, सागवान.

सावर आणि पांगारा फार हलके. कोरायला लोणी, पण तितकेच मऊ. मरळीच्या दातांनी खड्डे पडतात आणि पाणी शोषायला टपलेलेच असतात. सावरीला घुण लवकर लागतो, म्हणून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं किंवा निळसर डाग दिसले तर तो तुकडा चुलीत घाला. शिवण मधली: वजन बेताचं, रेषा सरळ, चिरत नाही. माझी पसंती शिवणीलाच. सागवान सुताराकडे ढिगानं पडलेलं असतं, म्हणून सगळे तेच उचलतात. ते जड असतं, त्यात शिशाला जागाच उरत नाही, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. सागच वापरायचा असेल तर चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या.

झाड तोडू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय ओलं लाकूड कामाचंही नाही. तान्ह्या पोळ्याच्या आधी जे सुतार नंदीबैल करतात त्यांच्याकडे तुकड्यांचं पोतं भरलेलं असतं. त्यातून वाळलेला, गाठ नसलेला, लांबीच्या दिशेनं सरळ रेषा असलेला तुकडा निवडा.

कोणतं लाकूड आहे ते ओळखता येत नसेल तर चौकोनी तुकडा बादलीत सोडा. जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा बुडाला तर सावर-पांगाऱ्याच्या वर्गातला, साधारण अर्धा बुडाला तर शिवणीसारखा, दोन तृतीयांश किंवा जास्त बुडाला तर सागवानासारखा जड. नाव चुकलं तरी चालेल, वजनाचा अंदाज चुकायला नको.

तपासा: तुकडा वाळला का? गावातल्या सोनाराकडे तोलून घ्या, चार दिवसांनी पुन्हा तोला. वजन तेच भरलं तर वाळला. मी एकदा श्रावणात हा नियम धाब्यावर बसवला होता. पोळ्याला रंगवलेली मासोळी दिवाळीत पाठीवर उभी चिरली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, जणू कोणी मोजून चिरा दिला.

## तयारी: सामान

- १ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार, ३० सेंटीमीटर. साधी बांधायची तार नको, ती आतल्या आत गंजते.
- फेकजाळ्याला लावतात तसलं शिसं, साधारण ४ ग्रॅम (त्यातलं एक-दीड ग्रॅम फक्त पाण्याच्या परीक्षेपुरतं). ते वितळवू नका. हातोडीनं ठोकून, पकडीनं तोडून हवं तेवढं करा. स्वयंपाकघरातलं भांडं आणि शिसं यांची भेट कधीही होता कामा नये. काम झाल्यावर हात साबणानं धुवा.
- हॅक्सॉ आणि दोन पाती, पटाशी किंवा धारदार चाकू, अर्धगोल कानस, ६ मिलिमीटरचं ड्रिल.
- पॉलिश पेपर: ८०, १५० आणि ३२० नंबरचे.
- दोन नळ्या कालवून करायचा इपॉक्सी गोंद, संथ वाळणारा. पाच मिनिटांत आवळणारा इथे नको, त्याचं कारण पुढे येईल.
- वुड सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप), थिनर, ॲक्रेलिक रंग, शेवटच्या थरासाठी पारदर्शक इपॉक्सी.
- दोन स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कड्यासारख्या छोट्या दुवेढी रिंगा) आणि दोन तीन-तोंडी गळ, ४ नंबरचे.

## टप्पा १: लाकूड चौकोनी असतानाच खाच आणि छिद्र

इथे हमखास घाई होते. लोक आधी सुंदर गोल आकार देतात आणि मग त्या गोल पोटावर सरळ खाच पाडायला बसतात. ती सरळ येतच नाही. गोल वस्तूला कड नसते, मग करवतीला आधार कशाचा?

९.५ सेंटीमीटर लांब आणि २.२ सेंटीमीटर रुंद-जाड असा चौरस तुकडा रंधून घ्या. चारही बाजूंवर आणि दोन्ही टोकांवर पेन्सिलीनं मधली रेषा ओढा. एक बाजू पोट ठरवा आणि तिच्यावर 'पो' लिहून ठेवा. अर्ध्या तासानं कोणती बाजू कोणती ते विसरायला होतं.

हॅक्सॉच्या चौकटीत दोन्ही पाती एकाला एक लागून बसवा. एका पात्याची चीर तारेला घट्ट होते, दोन पात्यांची बरोबर. पोटाच्या मधल्या रेषेवर डोक्यापासून शेपटीपर्यंत खाच पाडा, खोली ११ ते १२ मिलिमीटर, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत. मग शेपटीच्या टोकापासून ३ सेंटीमीटरवर, त्याच रेषेवर, पोटातून ६ मिलिमीटरचं छिद्र १० मिलिमीटर खोल पाडा. ही शिशाची जागा.

तपासा: तुकडा डोळ्यासमोर धरून डोक्याकडून खाचेतून पाहा. पलीकडचा उजेड एकसारख्या रेषेत दिसला पाहिजे. खाच वाकडी असेल तर तुकडा आत्ताच फेका. आत्ता फक्त वीस मिनिटं गेलीत.

## टप्पा २: आकार

पुठ्ठ्यावर बाजूनं दिसणारा आकार काढून कापा. तोंड १.८ सेंटीमीटर, डोक्यापासून तिसऱ्या हिश्शावर सगळ्यात जाड २ सेंटीमीटर, तिथून निमुळतं होत शेपटीला ९ मिलिमीटर. हाच पुठ्ठा वरून दिसणाऱ्या आकारालाही चालतो. पेन्सिलीनं उमटवा आणि रेषेबाहेरचं काढून टाका.

मग चौकोनाचे कोपरे तासून आठ बाजू करा, आठाच्या सोळा, आणि नंतर कानस. थेट गोल करायला गेलात तर एक बाजू हमखास चपटी राहते. चाकू नेहमी जाड भागाकडून निमुळत्या भागाकडे चालवा, उलटा चालवला की चाकू रेषेत घुसून लाकडाची कपची उडवतो. मधली रेषा शेवटपर्यंत पुसू देऊ नका. पुसली तर पुन्हा ओढा.

८० नंबरनं आकार, १५० नंबरनं गुळगुळीत. भुसा नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला दुपट्टा बांधा.

## टप्पा ३: तोंडाची वाटी

तोंड सरळ, काटकोनात कापा. त्यात ३ ते ४ मिलिमीटर खोल वाटी कोरायची. पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून किंवा गोल टोकाच्या कानशीनं फिरवत न्या. इथे रेषा उभ्या कापलेल्या असतात, त्यामुळे पटाशी लावली की कड फुटते. कडेला दीड-दोन मिलिमीटर जाडी राहिली पाहिजे. वाटी उथळ झाली तर मासोळी नुसती सरपटते, आवाज करत नाही. फार खोल झाली तर पाणी इतकं अडवते की गळकाठी ओढून हात दुखतो, आणि पहिल्याच दगडावर ओठ फुटतो.

## टप्पा ४: तार

मऊ लाकडात टोकाला कडी असलेला स्क्रू फिरवून गळ लटकवणं ही तिसऱ्या पोराची चूक. सावरीत स्क्रूचे आटे दोन झटक्यांत सैल होतात. मरळ गळ लागल्यावर तणात घुसून पिळा मारते. त्या वेळी ताण लाकडावर येता कामा नये. तो एकसंध तारेवर यावा.

तारेच्या एका टोकाला खिळ्याभोवती ४ मिलिमीटरचं कडं करा आणि तारेचं उरलेलं टोक मूळ तारेवर तीन वेढे मारून बंद करा. हे तोंडाचं कडं, इथे तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) बांधायचा. तार सरळ नेऊन पोटाच्या मध्यावर खाली एक कडं सोडा, त्याच्या मुळाशी एक पीळ द्या, आणि शेवटी शेपटीला तिसरं कडं. तार खाचेत बसवून पाहा. वेढ्यांच्या जागी ती जाड होते, तिथे खाच चाकूनं थोडी रुंद करा. ठोकून बसवू नका, लाकूड उभं फाटतं.

तिन्ही कडी एका रेषेत हवीत. पोटाचं कडं जरा जरी कुशीला झुकलं, तरी गळाचं वजन मासोळीला त्या अंगाला ओढतं.

थांबा: तार अजून चिकटवायची नाही.

## टप्पा ५: पाण्याची परीक्षा

आजवर कोणी हा टप्पा मनापासून केल्याचं मला आठवत नाही. मी स्वतःही पहिली तीन वर्षं केला नाही.

आधी लाकडाला बाहेरून वुड सीलरचा एक पातळ हात द्या, तासभर वाळू द्या. खाचेत सीलर जाऊ देऊ नका. तिथे गोंद थेट लाकडालाच धरायला हवा. तार खाचेत घाला, शिशाचा २ ग्रॅमचा तुकडा छिद्रात, वरून खाचेवर प्लॅस्टिकची चिकटपट्टी. प्रत्यक्ष वापरायचेच गळ आणि रिंगा अडकवा. गळाशिवाय केलेली परीक्षा फुकट, कारण दोन गळ मिळून शिशाएवढेच वजनदार असतात. अजून एक: पुढे रंगाचं आणि इपॉक्सीचं मिळून एक-दीड ग्रॅम वाढणार आहे. तेवढ्या वजनाचा शिशाचा तुकडा पोटाला मध्यावर चिकटपट्टीनं लावून ठेवा.

आता बादलीत सोडा आणि पाणी निवळेपर्यंत काही करू नका.

बरोबर बसलेली मासोळी शेपूट खाली, डोकं वर अशी तिरपी राहते. तोंडाची वाटी अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. बोटानं कुशीवर दाबून सोडली की बाहुलीसारखी डोलून पुन्हा सरळ होते. तसं झालं नाही तर काय बिघडलंय ते तिच्या बसण्यातच लिहिलेलं असतं.

आडवी पडते, पोट वर येतं: शिसं कमी आहे किंवा ते फार वर, पाठीकडे बसलंय. छिद्र खोल करण्याचा मोह होतो, पण खोल गेलेलं शिसं आणखी वर जातं. शिसं चपटं करून पोटाच्या कातडीलगत आणा.

नेहमी एकाच कुशीवर झुकते: वजन मधल्या रेषेत नाही, किंवा त्या अंगाचं लाकूड कमी तासलं गेलंय, किंवा कडं वाकडं आहे. आधी कडं पाहा. दहात सात वेळा तेच निघतं, आणि पकडीनं दोन सेकंदांत सरळ होतं.

शेपटीवर उभी, बाटलीसारखी: शिसं फार मागे. पोटावर नवीन छिद्र ५-६ मिलिमीटर पुढे पाडा, जुनं भुसा आणि गोंदानं बुजवा.

सपाट, काठीसारखी तरंगते: शिसं पुढे सरकलंय किंवा शेपटीचा गळ हलका आहे.

नाकापर्यंत बुडते: लाकूड जड आहे. शिसं अर्धं करा. सागवान असेल तर काढूनच टाका.

हे सगळं दोन-दोन मिनिटांत उरका, लाकूड तासभर पाण्यात ठेवू नका. बादलीत पास झाली की ढोरांच्या पाण्याच्या टाक्यात नेऊन चार हात ओढून पाहा. झटका दिल्यावर पाणी पुढे उडालं पाहिजे आणि मासोळी जागेवर परत डोकं वर काढून थांबली पाहिजे. मग चिकटपट्ट्या काढा आणि पूर्ण एक दिवस सावलीत वाळवा.

## टप्पा ६: तार आणि शिसं कायमचं बसवणं

संथ इपॉक्सी नळीवर दिलेल्या प्रमाणात कालवा. पाच मिनिटांचं घेतलं तर तार सरळ करेपर्यंतच ते आवळतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर पाच मिनिटंही मिळत नाहीत. मिश्रणाचा थोडा भाग पातळ ठेवून खाचेच्या तळाशी टाचणीनं पोचवा. तार बसवा, शिसं बसवा. उरलेल्या मिश्रणात पॉलिश पेपरखाली पडलेला बारीक भुसा मिसळून पिठल्यासारखं घट्ट करा आणि खाच काठोकाठ, किंचित फुगीर भरा.

पोकळी बुजवायला एम-सीलचा गोळा लावणारे पुष्कळ आहेत. तो जड असतो. बादलीत कमावलेला तोल तिथेच जातो.

२४ तास हात लावू नका. मग १५० नंबरनं सपाट करा, शेवटी सगळीकडे ३२० नंबर.

## टप्पा ७: पाणीबंदी

रंग फुगून सुटतो तो रंगाच्या दोषानं नाही, आत गेलेल्या पाण्यानं. आणि पाणी मधून कमी शिरतं, टोकांनी जास्त: तोंडाची वाटी, शेपटीचं टोक, कड्यांच्या मुळाशी. या जागांना दुप्पट हात द्या.

एक साधी युक्ती. मासोळी अर्धा तास कोवळ्या उन्हात ठेवा, हाताला गरम लागली पाहिजे. मग सावलीत आणून लगेच पातळ सीलर लावा. लाकडातली हवा थंड होताना आक्रसते आणि सीलर आत ओढून घेते. उलटं केलंत, म्हणजे थंड लाकडाला लेप लावून उन्हात वाळवायला ठेवलंत, तर आतली हवा फुगते आणि लेपावर फोड येतात. मे महिन्यातल्या ४५ अंशांत हे फोड फुटाण्याएवढे होतात.

तीन हात, प्रत्येकामध्ये दोन तास आणि ३२० नंबरचा हलका हात. पावसाळी दमट दिवशी सीलर पांढरा पडतो. तो ओलावा आत अडकलाय. अशा दिवशी हे काम करूच नका.

जवसाच्या तेलाविषयी. आपल्याकडे जवस घरचंच, म्हणून बरेच जण लाकूड खाण्याच्या जवस तेलात बुडवून ठेवतात. कच्चं जवस तेल वाळायला आठवडे घेतं, आणि न वाळलेल्या तेलावर सीलर किंवा रंग धरत नाही. ज्याला रंगच द्यायचा नाही त्यानं खुशाल तेल द्यावं आणि महिनाभर विसरावं.

सावधान: जवस तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

तपासा: शेवटचा हात वाळल्यावर वाटीत पाण्याचा थेंब टाका. दहा मिनिटांनी थेंब तसाच गोल उभा असेल तर पुढे चला. पसरला, लाकूड गडद झालं, तर अजून एक हात.

## टप्पा ८: रंग

आता डबा उघडा.

आधी एक गोष्ट मान्य करा: पृष्ठभागावरची मासोळी मरळ खालून बघते. उजळ आकाशावर तिला दिसतो तो पोटाचा रंग आणि काळी आकृती. पाठीवरची नक्षी तुमच्यासाठी असते. म्हणून पोट विचारानं रंगवा, पाठ हौसेनं.

सगळ्या अंगाला पांढऱ्याचे दोन पातळ हात. पांढऱ्याशिवाय पिवळा-केशरी लाकडावर मळकट दिसतो. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन बरे; जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि इपॉक्सीखाली सुरकुततो.

पोट पांढरं किंवा फिकट पिवळं, कूस मधल्या छटेची, पाठ गडद. पावसानंतर पाणी चहासारखं असतं तेव्हा सगळीच काळी, फक्त गळ्याला केशरी पट्टा, अशा मासोळीला मला जास्त वेळा मरळ लागली आहे. नितळ पाण्यात बेडकाचा हिरवा.

खवल्यांसाठी लसणाची जाळीची पिशवी घ्या. कापून मासोळीवर ताणा आणि पोटाखाली कपड्यांच्या चिमट्यांनी आवळा. जाळी सैल राहिली तिथे खवला पसरट येतो, म्हणून प्रत्येक चिमटा लावताना कुशीवरचे चौकोन सारखे आहेत का ते पाहा. जुन्या दातघाशीचे केस रंगात जेमतेम बुडवा, आधी वर्तमानपत्रावर झटकून जास्तीचा काढा, मग अंगठ्यानं केस मागे ओढून कुशीवर बारीक शिंतोडे उडवा. वरून सुरू करून खाली कमी-कमी करत या, पोटाला जाळीचा रंग लागायला नको. पाच मिनिटं थांबा. जाळी सरकवून ओढू नका, चिमटे सोडून सरळ उचला. खाली प्रत्येक भोकाएवढा खवला उमटलेला असेल. पहिल्यांदा हे बघताना घरातली लहान मुलं टाळ्या वाजवतात, आणि खरं सांगायचं तर मीही.

चमक हवी असेल तर गोळ्यांच्या पट्टीमागचा पातळ पत्रा कानशीवर ठेवून चमच्यानं घासा. कानशीचे दात उमटून खवल्याची नक्षी येते. कुशीला चिकटवून कडा नखानं दाबा.

डोळ्याला टिकली उत्तम, पण चकचकीत प्लॅस्टिकची. मखमली टिकली इपॉक्सी पिते, काळवंडते आणि तिचा लाल रंग आजूबाजूला उतरतो. टिकलीवर बाहुली काढताना मार्कर वापरू नका. मार्करची शाई पारदर्शक थराखाली पसरते आणि डोळा काजळ विस्कटल्यासारखा होतो. काडेपेटीच्या काडीचं टोक काळ्या ॲक्रेलिकमध्ये बुडवून एकच ठिपका द्या. डोळा डोक्याकडे आणि जरा मोठाच असू द्या.

सावधान: एकावर एक वेगळ्या जातीचे रंग चढवू नका. ऑइल पेंटवर थिनरचा स्प्रे मारला की खालचा रंग भाजलेल्या पापडासारखा गोळा होतो. नेलपॉलिशही त्याच जातीतलं. ॲक्रेलिकवर ॲक्रेलिक, आणि वरून इपॉक्सी, एवढंच धरा.

रंग संपल्यावर पूर्ण २४ तास.

## टप्पा ९: पारदर्शक थर

इपॉक्सी फेटू नका, हळू हलवत तीन मिनिटं कालवा. फेटलं की बुडबुडे येतात. चपट्या ब्रशनं पातळ लावा. वाटी आणि कड्यांची मुळं विसरू नका, पण कड्यांच्या भोकात गेलं तर काडीनं लगेच काढा.

हा लेप तासन्‌तास वाहत राहतो. मासोळी नुसती टांगली तर पोटाखाली थेंब लोंबतो आणि तोच तोल बिघडवतो. पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी, मग दोन तास दर पंधरा मिनिटांनी उलटीपालटी करावी लागते. त्यापेक्षा भंगारातल्या कूलरची झडपा हलवणारी स्विंग मोटर शोधा. ती मिनिटाला पाच-सहाच फेरे घेते, नेमकी हीच चाल हवी. तिच्या दांड्याला चिमटा बांधा, मासोळी आडवी धरा, आणि खुशाल जेवायला जा. मोटर थेट घरच्या विजेवर चालते. जोडणीच्या तारा उघड्या ठेवू नका, आणि मुलं जवळ असतील तर हा उद्योग करूच नका.

धूळ बसू नये म्हणून वर खोकं उपडं ठेवा. दोन दिवस.

## टप्पा १०: गळ आणि शेवटची फेरी

गळ शेवटी. रिंग उघडताना नखं तोडू नका, चाकूचं टोकही नको. टोक सुटलं की सरळ अंगठ्यात. स्प्लिट रिंगची छोटी पकड मिळते. गळाचे उलटे काटे पकडीनं दाबून टाका. मासा सोडणं सोपं होतं, आणि स्वतःच्या बोटातून काढणंही.

बेशरम आणि कमळाच्या पानांत पोटाचा गळ प्रत्येक फेकीला अडकतो. तो काढून टाका, शेपटीला एकच ठेवा. मात्र गळ काढल्यावर तोल बदलतो, तेव्हा पुन्हा बादली.

काठावर जाण्याआधी दोन गोष्टी. आपले बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, त्यांची परवानगी घ्या; ढिवर बांधवांचं पोट त्यावर आहे. आणि ताडोबाचा तलाव, पेंचमधला तोतलाडोह, असल्या राखीव पाण्यात मासेमारीला बंदीच आहे. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका गोल फिरताना दिसला तर तिथे मासोळी टाकू नका. खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात, समोर आलेल्या कशावरही तुटून पडतात आणि सहज लागतात. ते गेले की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

घरी आल्यावर मासोळी गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, अंगावर नख फिरवा. दात रुतलेल्या जागी नख अडकतं. तिथे लगेच इपॉक्सी भरू नका. दोन दिवस पंख्याखाली वाळवा, मग एक थेंब. आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत विसरू नका. माझी सगळ्यात देखणी मासोळी तिथेच गेली, एका दुपारीत अंगभर फोड. ती आता खिळ्याला टांगली आहे, पोरांना टप्पा सात समजावून सांगायला.